सहा चाकांची होडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



सेक्रेटरींनी मला आधीच बजावलं होतं, "काका, बँकेवर बोलू नका, आणि गुंतवणुकीवर तर मुळीच नको." म्हणून आज एका गाडीवर बोलतो. गाडीला सहा चाकं आहेत, स्टिअरिंग नाही, आणि ती पाण्यात तरंगते.

2022 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता कॅनडात, मुलीकडे किचनरला होतो. शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ, उभा जन्म लेथवर गेलेला. त्यांच्या गॅरेजमध्ये ही गाडी उलटी ठेवलेली होती. आमच्या सौ. म्हणाल्या, "आंघोळीचा टब दिसतोय."

त्या भागाला या गाड्या नव्या नाहीत. 1960 च्या दशकात कॅनडात 'जायगर' नावाची सहाचाकी निघाली. किचनरजवळच्या न्यू हॅम्बर्गची 'आर्गो' 1967 पासूनची. सीमेपलीकडे अमेरिकेत बफेलोला 'मॅक्स' बनायची. एटीव्ही हे नाव पहिल्यांदा मिळालं ते या मंडळींना. टांग टाकून बसायच्या गाड्या मागाहून आल्या. पुढे सहाचाकीवाले बरेच कारखाने बंद पडले. शेजाऱ्यांची गाडी 1970 च्या दशकातली मॅक्स होती.

ती वळते कशी, हे मला बरेच दिवस कळेना. समोर दोन लिव्हर. उजवा ओढला की उजवीकडची तिन्ही चाकं थांबतात, डावीकडची चालू राहतात, आणि गाडी जागच्या जागी उजवीकडे फिरते. एक बैल थोपवला की बैलगाडी वळते ना, तसंच. सहाही चाकं आतून साखळ्यांनी फिरतात. टायर फुग्यासारखे, मोटारीत 30 पौंडांच्या आसपास हवा, यात जेमतेम दोन-तीन पौंड. पाण्यात वल्हं नाही, पंखा नाही. टायरच्या नक्षीनेच पाणी मागे लोटायचं. वेग आपल्या सकाळच्या फेरीइतका.

आता गळती. हा विषय आपल्या सोसायटीला नवा नाही! चाकांचे आस या गाडीच्या अंगातून आरपार जातात, आणि तेही पाण्याच्या रेषेखाली. म्हणजे आत पाणी शिरायला सहा दारं. प्रत्येक दाराशी बेअरिंग आणि रबरी सील. सगळी काढून, गंज खरवडून, नवी बसवून ग्रीस भरायला त्यांना सहा आठवडे लागले. मी सुटे भाग मांडून ठेवायचो आणि खर्च वहीत लिहायचो. सवय जात नाही.

खरी अडचण इंजिनाची. जुनं टू-स्ट्रोक, आपल्या जुन्या स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं. त्याचे भाग मिळेनात. नातू म्हणाला, मोठं इंजिन टाका, पुढे विंच लावा. एक संग्राहक येऊन गेला; त्याला गाडी मूळ स्वरूपातच हवी होती आणि किंमत चांगली देत होता. म्हाताऱ्याला मात्र ती ना मिरवायची होती, ना पळवायची. उत्तरेला तळ्याकाठी त्यांची लाकडी झोपडी होती. रस्ता संपला की मधे दलदल, आणि पुढे तळ्याचा एक फाटा. गुडघे गेल्यापासून तीन वर्षं ते तिथे पोचलेच नव्हते. मुलांचं म्हणणं, आता ती विकून टाकू. गाडी चालली तर झोपडी राहणार होती, एवढा सरळ हिशोब.

शेवटी त्यांनी फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं, पण एका अटीवर: गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. जुन्याच भोकांवर बसेल अशी लोखंडी पट्टी त्यांनी स्वतः कापली. जुनं इंजिन तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून फळीवर ठेवलं. उद्या कुणाला परत बसवायचं असेल तर एका दिवसाचं काम. मला हे फार पटलं. मालमत्ता वापरावी, पण पुढच्याचा हक्क मोडू नये.

नवं इंजिन जड निघालं. ओळखीच्या शेतकऱ्याच्या तळ्यात, दोन माणसांच्या वजनाची वाळूची पोती घालून गाडी सोडली, तर मागची बाजू चार बोटं जास्त बुडाली. नातवाचा चेहरा पडला. आजोबांनी फक्त खडूने रेघ मारली. बॅटरी पुढच्या टोकाला नेली, विंच रद्द केला, आणि पुन्हा पाण्यात सोडली. अर्धा तास मी घड्याळ धरून काठावर उभा. आत पाणी किती आलं? स्पंजाने टिपता येईल एवढं. तरी त्यांनी पाणी उपसायचा पंप बसवलाच. तोही चिकटवून, भोक न पाडता.

सप्टेंबरात ते मला घेऊन गेले. अंगात लाइफ जॅकेट, आणि खरं सांगायचं तर तोंडात रामरक्षा. दलदलीत गाडी हेलकावे खात गेली. मग एकाएकी खडखड थांबली, चाकं जमिनीवरून सुटली आणि आम्ही तरंगू लागलो. म्हातारा तेवढ्यात एकदाच हसला. पलीकडे पोचायला दहाएक मिनिटं लागली असतील. झोपडीच्या कुलपाला तीन वर्षांचा गंज चढला होता, किल्ली फिरेना. त्यांनी मला हाक मारली आणि सीटखालची तेलाची बुदली आणायला सांगितली.