भामरागडच्या अन्नाचे छायाचित्र



महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर, जेथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात आणि जेथून इंद्रावतीपलीकडच्या अबूझमाडच्या डोंगरांची वाट सुरू होते, त्या भामरागड तालुक्यातील अन्नाविषयी, किंबहुना त्या अन्नाच्या छायाचित्राविषयी, मी आज बोलणार आहे. या तालुक्यातील आश्रमशाळांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या हाती आता मोबाइल आलेला आहे, आणि त्यांच्यापैकी कित्येकजण घरच्या चुलीवर शिजणाऱ्या अन्नाची छायाचित्रे काढून दूरदूरच्या मित्रांना धाडू लागले आहेत. हा उद्योग मी फार मोलाचा समजतो. तो अधिक चांगल्या रीतीने कसा साधेल याचा थोडा विचार त्यांच्यापुढे ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

मोलाचा एवढ्यासाठी, की येथील माडिया आदिवासी लोकांची छायाचित्रे आजवर निघाली ती बहुतेक बाहेरून आलेल्यांनी काढलेली. बस्तर संस्थानचा कारभार पाहिलेले ग्रिग्सन यांचा तेथील मारिया, म्हणजे माडिया, गोंडांवरील ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, त्यातही छायाचित्रे आहेत. आणि तेव्हापासून आजपर्यंत या प्रदेशात येणाऱ्याचा कॅमेरा प्रथम वळतो तो नृत्याकडे, शिंगांच्या शिरोभूषणाकडे, गळ्यातील माळांकडे. पानावर वाढलेल्या अन्नाकडे तो क्वचितच वळला. ज्या घरात अन्न शिजते त्याच घरातील मुलीच्या हाती आता कॅमेरा आलेला असल्यामुळे, ही राहून गेलेली नोंद करण्याचा अधिकार आणि सोय ही दोन्ही प्रथमच एका ठिकाणी आली आहेत; आणि नोंद करावयाची तर ती अस्सल असावी, इतके तरी आपण मान्य केले पाहिजे.

येथे पहिली अडचण खुद्द यंत्राचीच येते. मोबाइलमध्ये अन्नाकरिता म्हणून जी निराळी योजना असते, ती बहुधा रंग भडक करते आणि चित्रावर पिवळसर झाक आणते. लाल रस्सा आणि हिरवी कोथिंबीर यांना ती शोभत असेल, पण भामरागडच्या अन्नाची वर्णश्रेणी सर्वस्वी निराळी आहे. जावा, म्हणजे येथील आंबील, राखाडी-पांढुरका; वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, फिकट पिवळसर; चुलीवरच्या धुरात सुकविलेली मासळी काळसर तपकिरी; वाळलेले मोह लालसर तांबूस. या अन्नाचे सौंदर्य रंगापेक्षा पोतात आहे, आणि पोत दाखविण्याचे सामर्थ्य रंगात नसून उजेडाच्या दिशेत आहे. म्हणून ती योजना प्रथम बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

माडियाच्या जुन्या पद्धतीच्या घरास, ते कूड आणि माती यांच्या भिंतींचे आणि उतरत्या छपराचे असल्यामुळे, खिडकी बहुधा नसते, आणि दिवसा जो उजेड आत येतो तो दारातूनच येतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हे उणेपण मुळीच नव्हे. एकाच बाजूने येणारा, उंबरठ्यावरून सरपटत आत शिरणारा हा उजेड इतका उत्तम असतो, की शहरातील व्यावसायिक छायाचित्रकार तो मोठ्या खर्चाने निर्माण करीत असतात. उन्हाचा कवडसा टाळून, दारापासून हातभर आत पान मांडावे आणि आपण अशा रीतीने बसावे की दार आपल्या डाव्या वा उजव्या अंगास राहील. मग कोसरी या भरडधान्याच्या भाताच्या प्रत्येक कणास स्वतःची लहानशी सावली मिळते आणि तो कण पानावरून उठून दिसतो. पलीकडची बाजू फार काळवंडत असेल, तर शाळेच्या वहीचे कोरे पान त्या बाजूस उभे धरावे. दारातला उजेड त्यावरून परतून सावलीत शिरतो. मोबाइलचा फ्लॅश मात्र कदापि वापरू नये, कारण तो समोरून पडून सर्व सावल्या पुसून टाकतो आणि तेलाच्या थेंबांवर पांढरे डाग उमटवितो.

इंग्रज संशोधक टॅल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात भागाभागाने जो सचित्र ग्रंथ प्रकाशित केला, त्यात फळांनी भरलेल्या करंड्यांचे एक छायाचित्र आहे. त्याच्यापाशी सूर्याखेरीज दुसरा दिवा नव्हता. छायाचित्रकलेच्या प्रारंभी जे पुरेसे होते ते आजही पुरेसे आहे, हे विजेचा भरवसा नसलेल्या गावातील माझ्या श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.

उजेडाविषयी आणखी एक गोष्ट खास या अरण्यप्रदेशापुरती सांगावीशी वाटते. दाट झाडीखाली जो प्रकाश उतरतो तो पानांतून गाळून आलेला असल्यामुळे हिरवा असतो. आपल्या डोळ्यास त्याची सवय होते, पण कॅमेऱ्यास होत नाही, आणि झाडाखाली काढलेल्या चित्रातील भात आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसू लागतो. निळ्या ताडपत्रीखाली हाच दोष निळसर रूपाने प्रकट होतो. तेव्हा पान उचलून मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत, ओसरीच्या कडेस न्यावे. पावसाळ्यात तर आभाळ स्वतःच एक अफाट पांढरा पडदा होऊन सर्वत्र सारखा मृदू प्रकाश पसरते. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढून भामरागडचा मार्ग खुंटल्याच्या वार्ता ज्या दिवसांत वर्षानुवर्षे ऐकू येत आल्या, तेच दिवस वास्त्यांचे, आणि छायाचित्रास सर्वांत अनुकूल.

यंत्राचा दुसरा स्वभाव असा, की समोरील दृश्याची सरासरी काढून ते एकंदर मध्यम करड्या उजळपणावर आणावे, असा जणू त्यास कायमचा हुकूमच आहे. घरात अंधार अधिक असल्यामुळे ते सर्व दृश्य उजळू पाहते, आणि त्या भरात पानावरचा भात पांढरा धप्प होऊन त्यातील कण नाहीसे होतात. यावर उपाय सोपा आहे: पडद्यावर भाताच्या ठिकाणी बोट टेकवावे, आणि तेथे सूर्याची खूण उमटली म्हणजे ती हलकेच खाली ओढावी. अंधारात चित्र घेण्यास यंत्रास अधिक वेळ लागतो, सबब कोपर गुडघ्यावर टेकवून श्वास क्षणभर रोखावा. आणि या सर्वांच्या आधी मोबाइलची काच सुती कापडाने पुसावी. स्वयंपाक करणाऱ्या हातांचे तेल तिच्यावर असतेच, आणि चित्र धूसर येण्याचे कारण पुष्कळदा तेवढेच असते.

जवळ जाऊन चित्र घेण्याचा मोह आवरावा. मोबाइलचे मुख्य भिंग विस्तीर्ण दृश्य टिपणारे असल्यामुळे अगदी निकट नेले असता पुढचा पदार्थ फुगतो आणि द्रोणाचा काठ वाकडा होतो. त्यापेक्षा हातभर मागे सरून दुपटीने मोठे करावे. कोन कोणता घ्यावा याविषयी शहरात पुष्कळ मते आहेत, आणि सपाट पानाचे चित्र थेट वरून घेण्याची प्रथाही तेथे फार आहे. माझ्या मते भामरागडचे अन्न जमिनीवर बसून खाल्ले जाते, तेव्हा बसलेल्या माणसाच्या डोळ्यास ते जसे दिसते तसेच दाखवावे. जाव्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा तर त्याच्या उंचीस डोळा नेल्याखेरीज आपले डौलदार पोट दाखवीतच नाही.

मोहाचे फूल हे या प्रदेशातील छायाचित्रकाराचे खरे भाग्य होय. मार्च-एप्रिलमध्ये ही फुले रात्रीच्या अखेरच्या प्रहरी गळू लागतात, आणि सूर्य वर येण्यापूर्वीच बायामुले टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली असतात. ताजे फूल मलईच्या रंगाचे, मांसल आणि अर्धपारदर्शक असते. त्याच्या मागून उजेड आला असता ते आतून पेटल्याप्रमाणे दिसते, म्हणून येथे आपला नियम मोडून उगवत्या सूर्याकडे तोंड करून बसावे. पुढे अंगणात वाळताना ते रोज थोडे थोडे तांबूस होत जाते. एकाच जागी, एकाच वेळी, रोज एक चित्र घेतले, तर मोहाच्या हंगामाचा असा दाखला तयार होईल की जो शब्दांनी देता येणार नाही.

लाल मुंग्यांच्या चटणीविषयी मला तळमळीने बोलावयाचे आहे. बाहेरचा छायाचित्रकार मुंग्यांचे पाय आणि डोकी मोठी करून दाखवितो, पाहणाऱ्यास किळस यावी किंवा नवल वाटावे म्हणून. हा अन्नाचा आणि ते खाणाऱ्यांचा अपमान आहे. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्याच्या लोकांनी आपल्या अशाच चटणीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळविले. ज्या पदार्थास कायद्याने हा मान दिला, तो तमाशा म्हणून मांडण्याचे कारण नाही. मीठ-मिरचीसह वाटलेली ती चटणी जेवणात जेवढी घेतात तेवढीच, पानाच्या कडेस, भाताच्या शेजारी दाखवावी.

ज्या स्त्रीने अन्न रांधले तिची परवानगी प्रथम घ्यावी, आणि घरच्यांनी बोलाविल्याखेरीज चुलीपाशी जाऊ नये. चित्रासाठी म्हणून चिनी मातीची बशी आणू नये. पळसाच्या किंवा माहुलीच्या पानांची पत्रावळ त्या अन्नाची स्वाभाविक बैठक आहे. रंगात फेरफार करावयाचाच असेल तर पदार्थ समोर असतानाच, चित्र त्याच्या शेजारी धरून, ताडून करावा. मूळ चित्र जपून ठेवावे, आणि व्हॉट्सॲपवरून धाडताना ते कागदपत्र म्हणून जोडावे. नुसते छायाचित्र म्हणून पाठविल्यास ते आकुंचित होऊन त्यातील तपशील कायमचा हरपतो.

भामरागडच्या तरुणांनो, येत्या हंगामात आपल्या घरच्या जाव्यापासून आरंभ करा. आणि प्रत्येक चित्राखाली पदार्थाचे माडिया भाषेतील नाव, गाव, महिना, आणि रांधणारीची संमती असेल तर तिचेही नाव, न चुकता लिहा.