तिळा तिळा दार उघड

लहानपणी अलीबाबाची गोष्ट मी दोनदा ऐकली. घरी दादी सांगायची तेव्हा गुहेचं दार ‘खुल जा सिमसिम’ म्हटल्यावर उघडायचं. शाळेत गुरुजींनी सांगितली, तेव्हा तेच दार ‘तिळा तिळा दार उघड’ म्हटल्यावर उघडलं. एका दाराला दोन शब्द कसे, असं मी दादीला विचारलं. ती म्हणाली, “चोरांना दोन्ही भाषा येत असतील, बेटा.”

दादीचा जीव मात्र कासीममध्ये अडकलेला. हा अलीबाबाचा भाऊ गुहेत शिरतो, सोनं बघून हरखतो आणि बाहेर पडायचा शब्दच विसरतो. तिळाऐवजी जव म्हणून बघतो, आणखी धान्यं आठवून बघतो. दार हलत नाही. मग चोर येतात.

परवलीचा शब्द संगणकावर आला तो १९६१च्या सुमारास, अमेरिकेतल्या एमआयटीत. एकच यंत्र अनेकजण वापरत. ज्याची फाइल त्यालाच दिसावी म्हणून फर्नांडो कोर्बातो यांच्या गटानं ही सोय केली. पण शब्द जसेच्या तसे साठवलेले. १९६२मध्ये ॲलन शेर या तिथल्याच संशोधकाला यंत्राचा वेळ कमी पडू लागला, तर त्यांनी सगळ्यांच्या शब्दांची यादीच छापून घेतली! आता चांगली व्यवस्था तुमचा शब्द ठेवतच नाही. त्याचं गणिती पीठ करून ठेवते. तुम्ही पुन्हा शब्द टाकलात की त्याचंही पीठ करते आणि दोन्ही ताडून पाहते. पिठाचे दाणे परत करता येत नाहीत. म्हणूनच शब्द विसरलात तर तुम्हाला नवा ठरवायला सांगतात, जुना कुणी सांगत नाही.

माझ्या फाइलला असं दुसरं दार नव्हतं. अब्बांच्या शेवटच्या आजारपणात, २०१९ साली, मी एक्केचाळीस कविता लिहिल्या. घरचा संगणक सगळ्यांचा; त्या अम्मीच्या नजरेस पडू नयेत म्हणून कुलूप घातलं. शब्द निवडला ‘छब्बू’, दादीची मला मारायची हाक. एक आकडा आणि एक चिन्हही हवं म्हणतात, म्हणून तेही जोडलं. (अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०१७मध्येच सांगितलं होतं, की अशी सक्ती नको, शब्द लांब असू द्या. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तरी चालतं. माझ्या टीकाकारांच्या मते मी कविता तशाच लिहितो. कुलपाच्या वेळी नेमकं सुचलं नाही.)

गेल्या रमजानमध्ये अम्मीनंच विचारलं, “त्यांच्यावर लिहिलं होतंस ना? वाच की.”

आणि मी कासीम झालो. देवनागरीत ‘छब्बू’ एकाच तऱ्हेनं लिहिता येतो. रोमनमध्ये? एच एक की दोन? बी एक की दोन? शेवटी यू की दोन ओ? पहिलं अक्षर मोठं की लहान? आकडा कुठला, तो आधी की नंतर?

सतरा कविता आठवून पुन्हा लिहिल्या, अम्मीला वाचून दाखवल्या. उरलेल्यांसाठी वहीत स्पेलिंगं मांडली आहेत. एकेक टाकून बघतो, खोडतो. अम्मी शेजारी बसते. काल बाविसावं खोडलं, तेव्हा ती म्हणाली, “दादी तुला रागावली की छबड्या म्हणायची. ते टाकून बघितलंस का?”