गोळी मात्र वाटून घ्यायची नाही
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य सखीने केलेले भाषण)



गटात आपण सगळं वाटून घेतो. बचत एकत्र, कर्जाची जबाबदारी एकत्र, एकीच्या घरी लग्न निघालं की पोळ्या लाटायलाही सगळ्या हजर. हीच सवय आपण औषधालाही लावलीय. "गुडघे दुखतात ना? ही माझी गोळी घे, मला लगेच उतार पडला." हे मीही केलंय, म्हणून आज बोलते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना बीपी आहे. सोयाबीन काढणीत त्यांचे गुडघे फार दुखायला लागले. माझ्याकडे डॉक्टरांनी मला लिहून दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या मी त्यांना दिल्या. आराम पडला. मग त्या रोजच घ्यायला लागल्या. संपल्या तेव्हा रिकामं पाकीट दाखवून दुकानातून आणखी आणल्या. पंधरा-वीस दिवसांत पायांवर सूज आली, डोकं जड झालं. आरोग्य केंद्रात नेलं, तर बीपीची गोळी चालू असूनही बीपी खूप वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता का?" जाऊबाई म्हणाल्या, "नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. गुडघ्याची गोळी हेही औषधच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मी पिशवीतलं पाकीट काढून दाखवलं, तेव्हा कारण कळलं.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढू शकतं आणि बीपीच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. रोज घेत राहिलं तर पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मला मानवलेली गोळी जाऊबाईंच्या जिवावर बेतली असती.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

१. आपली गोळी दुसरीला देऊ नका, दुसरीची घेऊ नका. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

२. दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. चूर्ण, काढासुद्धा.

३. बरं वाटतंय म्हणून बीपी-शुगरची गोळी स्वतःहून बंद करू नका. बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही.

४. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकादशी-नवरात्राच्या उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच साखर किंवा गूळ खा. तेव्हा उपवास बघत बसू नका.

५. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नका.

६. गोळ्या कापून घेताना मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत जपा.

जाऊबाई आता बऱ्या आहेत. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी त्यांना चालेल असं औषध दिलंय.

येत्या गट बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपली पाकिटं आणा, वाचता येणाऱ्या सखीने नाव आणि तारीख वाचून सांगावी. सख्यांनो, माहिती वाटून घेऊ, गोळी नाही.