पुढील कादंबरी कोणती?

(धर्मग्रामाच्या वाचक-मंडळाच्या बैठकींत केलेलें भाषण)



पुढील सहा महिने आपण सर्वांनीं मिळून कोणती कादंबरी वाचावी, याविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. ज्युबिलीच्या धामधुमींत, मंडप, वाजंत्री व जेवणावळी यांची बोलणीं चाललीं असतां पुस्तकाची गोष्ट कोण ऐकणार, अशी मला भीति होती. परंतु समोर इतकीं माणसें बसलेलीं पाहून ती नाहींशी झाली. (चहा अजून व्हावयाचा आहे, हेंही एक कारण असूं शकेल.)

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. मागील खेपेस जी कादंबरी आपण वाचली, तिची निवड माझ्याच सूचनेनें झाली होती, आणि ती निवड चुकली. पुस्तक वाईट होतें असें नव्हे. त्यांत सज्जनांचें बरें झालें, दुर्जनांची फजिती झाली, भाषाही सोज्वळ होती. त्यास कोणाचाच आक्षेप नव्हता, म्हणूनच आपण तें घेतलें. पहिल्या बैठकीस सतरा माणसें होतीं. शेवटच्या बैठकीस सहा उरलीं, आणि त्या सहांत एक मी होतों व दुसऱ्या, ज्यांच्या घरीं बैठक होती, त्या होत्या. चर्चा पाव तासांत आटोपली. एकानें म्हणावें, "छान आहे," आणि दुसऱ्यानें म्हणावें, "होय, छान आहे." यापुढें काय बोलणार? एकट्यानें दुपारीं पडल्या पडल्या वाचावयास तें पुस्तक ठीक होतें. सतरा जणांनीं एकत्र बसून वाचावें असें त्यांत कांहीं नव्हतें. हा भेद मला आधीं कळावयास पाहिजे होता.

आपली निवडीची रीतही सदोष होती. आजवर आपण चिठ्ठ्या टाकीत आलों. चिठ्ठींत पुस्तकाचें नांव असतें, पुस्तक नसतें. ज्याचें नांव अधिक जणांच्या कानांवरून गेलेलें, त्यास मतें अधिक. म्हणून या खेपेस आपण असें ठरविलें कीं, ज्यास पुस्तक सुचवावयाचें असेल त्यानें त्यांतील दोन पानें सर्वांपुढें मोठ्यानें वाचून दाखवावीं. आपल्यांतील कित्येकांची दृष्टि मंद झाली आहे, कांहींना अक्षरओळख नाहीं, आणि एक भगिनी तर प्रत्येक वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून परदेशांतील आपल्या मुलीस पाठवितात. म्हणजे आपल्या मंडळाचें पुस्तक डोळ्यांआधीं कानांस पसंत पडलें पाहिजे. दोन पानें कानांवर पडलीं कीं पुष्कळसा निर्णय आपोआप होतो, असा मला या महिन्यांत अनुभव आला.

चार पुस्तकें पुढें आलीं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचतांना वाचकास कोणी थांबूं देईना. धनगरांच्या एका वस्तीवर शिक्षक होऊन आलेला पोरसवदा मास्तर आणि ती वस्ती, एवढाच तिचा विषय. पण काय तें लेखन! तथापि आपल्यापैकीं निम्म्यांहून अधिक जणांनीं ती वाचली आहे, आणि १९९५ सालचा चित्रपटही अनेकांनीं पाहिला आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) लहानशी आहे. युरोपांतून पूर्वेकडे येणाऱ्या बोटीवर एक मराठी तरुण आणि नाझींच्या छळानें देशोधडीस लागलेली एक ज्यू तरुणी यांची ती कथा होय. तीं दोन पानें ऐकून खोलींत शांतता पसरली. एका तरुण सभासदानें तर तें पुस्तक त्याच रात्रीं घरीं नेलें व अजून परत केलेलें नाहीं. ती दोन-तीन बैठकींत संपेल. पुढल्या वर्षीं ती अवश्य घ्यावी.

उरला प्रश्न दोन यमुनांचा, आणि खरा वाद येथेंच आहे.

बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः त्यास मान दिला जातो. लेखक ख्रिस्ती; प्रॉटेस्टंट असले तरी ख्रिस्ती. तेव्हां ज्युबिलीच्या वर्षीं आपण तेंच वाचावें, असा बऱ्याच जणांचा ओढा आहे, आणि तो स्वाभाविक आहे. तें पुस्तक आपल्या अभिमानाचें आहे हें मी कोणाहून कमी मानीत नाहीं. विधवांच्या पुनर्विवाहास मुभा देणारा कायदा १८५६ सालीं झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं ही यमुना नवऱ्याबरोबर प्रवासास निघून ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते. पुढें ती स्वतःच विधवा होते, आणि शेवटीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करून पुनर्विवाह करिते.

दुसरी यमुना हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरींतील. हिला घरीं यमू म्हणतात. आपट्यांचें 'करमणूक' पत्र १८९० सालीं निघालें, आणि त्यांतून ही कादंबरी हप्त्याहप्त्यानें लोकांच्या हातीं पडली. मधल्या तेहेतीस वर्षांत कायदा पुस्तकांत होता. घरांत मात्र तो आला नव्हता. ही यमूही विधवा होते, तिचें केशवपन बळजबरीनें केलें जातें, आणि तिच्यासाठीं कोणताही दरवाजा उघडत नाहीं.

आतां दोन्ही पुस्तकांचीं नांवेंच पाहा. पहिल्याचें पूर्ण नांव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण' असें आहे. निरूपण म्हणजे सांगणाऱ्यास उत्तर ठाऊक आहे, आणि ऐकणाऱ्यानें तें समजून घ्यावयाचें आहे. दुसऱ्याचें नांव एक प्रश्न आहे. पदमनजींचें उत्तर तुम्हांआम्हांस आधींच मान्य आहे. तें वाचून आपण सर्व एकमेकांकडे पाहून मान डोलावूं, आणि मागील खेपेप्रमाणें पाव तासांत उठून जाऊं. उत्तर खोटें आहे म्हणून नव्हे, तर तें आपल्याला फार सोयीचें आहे म्हणून मला त्याची धास्ती वाटते. आपट्यांनीं तशी सोय ठेविलेली नाहीं.

याचा प्रत्यय गेल्या बैठकींत आलाच. ज्या दोघांनीं ही कादंबरी पूर्वीं वाचली होती, त्यांच्यांत जुंपली. एक म्हणाले, दोष रूढीचा, माणसांचा नव्हे. तीं माणसें त्या काळचीं होतीं. दुसऱ्या म्हणाल्या, "रूढीला हात नसतात, भाऊ, वस्तरा कोणीतरी बोलावतो, आणि कोणीतरी दार लावून घेतो." चहा निवला तरी वाद संपला नाहीं. मला तर त्याच क्षणीं पुस्तक सांपडल्यासारखें झालें.

एक आक्षेप मात्र मनापासून घेण्यांत आला आहे, त्यास उत्तर दिलें पाहिजे. पुण्याच्या ब्राह्मण घरांतील सव्वाशें वर्षांपूर्वींचें दुःख आपण कॅथोलिकांनीं कां उगाळीत बसावें? आमच्यांत केशवपन कधीं नव्हतें. विधवेस पुनर्विवाहाची बंदी नाहीं. हें खरें आहे. परंतु माझी एक आत्या होती. ऐन पंचविशींत तिला वैधव्य आलें. तिच्या केंसांस कोणी हात लावला नाहीं, तिला कोणी वाईट शब्दही बोललें नाहीं. घरांत लग्न निघालें कीं आदले दिवशीं ती पहांटेपासून राबे. आणि वऱ्हाड मंडपांत आलें कीं ती मागील दारीं, चुलीजवळ, उभी असे. तिला तेथें उभी राहा असें कोणी सांगितलें नव्हतें, आणि पुढें ये असेंही कोणी म्हटलें नव्हतें. मी तेव्हां शाळेंत जाणारा मुलगा होतों. तिच्या हातचे गरम वडे मला तेथेंच मिळत, म्हणून ती तेथें असणें मला बरेंच वाटे. ती जाऊन तीस वर्षें झालीं. आपट्यांची कादंबरी पन्नाशींत हातीं आली, तेव्हां पुस्तकाचें नांव वाचूनच तें मागील दार मला दिसलें. म्हणून, हें दुसऱ्यांचें दुःख आहे, असें म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं.

राहिला आकाराचा प्रश्न. पुस्तक जाड आहे, हें मान्य. पण तें एका दमांत वाचण्यासाठीं लिहिलेलेंच नव्हे; त्याचे पहिले वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत बसले होते. आपणही दर रविवारीं दोन-तीन प्रकरणें घेतलीं तर आपलें वाचन मूळच्या चालीनेंच होईल. प्रतींची अडचण तितकीशी नाहीं. आपटे १९१९ सालीं निवर्तले, त्यामुळें ग्रंथाच्या स्वामित्वहक्काची मुदत केव्हांच संपली आहे. मंद दृष्टीच्या सभासदांसाठीं प्रकरणें मोठ्या अक्षरांत छापून घेण्यास कोणाची परवानगी लागणार नाहीं. खर्चापुरती वर्गणी काढावी लागेल, तेवढी कोषाध्यक्षांनीं सांगावी.

'यमुनापर्यटना'चा मान राहावा म्हणून माझी अशी सूचना आहे कीं, आरंभाची एक संध्याकाळ त्यांतील निवडक भागांस द्यावी आणि मग दुसऱ्या यमुनेकडे वळावें. एकीनंतर लगेच दुसरी ऐकली, तर पदमनजींचें उत्तर कोणास पुरेसें वाटतें व कोणास नाहीं, हेंही कळेल. त्यावरून आपल्यांत भांडण झालें तर तें होऊं द्यावें, असें मी फादरांच्या देखत म्हणतों.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. गेल्या बैठकींत यमूच्या बालपणाचीं दोन पानें चाललीं असतां मागील बांकावरून एका आजींनीं मध्येंच विचारलें, "हें कोणत्या बाईनें लिहिलें?" बाईनें नव्हे, सव्वीस वर्षांच्या एका तरुण पुरुषानें तें लिहावयास घेतलें, असें सांगितलें, तें त्यांना पटलें नाहीं, अजूनही पटलेलें नाहीं. आज येतांना त्यांनीं मला दारांत अडवून दुसरा प्रश्न केला कीं, त्या पोरीचें पुढें काय झालें? मीं सांगितलेलें नाहीं. आपली संमति असेल तर येत्या रविवारीं साडेचार वाजतां वाचनास बसूं. आजींना मोठ्यानें वाचलेलें लागतें, तेव्हां पहिलें प्रकरण कोणी वाचावयाचें, तेवढें चहापूर्वीं ठरवावें.