महामार्गावरील शेजारधर्म

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. जुनी मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन छत्तीस वर्षे मी प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविले. माझे शिक्षण एवढेच. तेव्हा कार्यवाहांनी ‘चार शब्द बोला’ अशी आज्ञा केली, त्या वेळी मी कोणता विषय घ्यावा याचा विचार करीत होतो. पुढ्यात गेल्या वर्षीचा विशेषांक होता. त्यातील श्रद्धांजलीचे पान उघडले आणि विषय आपोआप ठरला.

त्या पानावर एका तरुणाचे नाव आहे. नाव येथे घेत नाही. घरची मंडळी समोर बसली आहेत. रात्रीच्या वेळी त्याची मोटार महामार्गाच्या कडेला दिव्यांशिवाय उभ्या असलेल्या एका मालमोटारीवर मागून आदळली. त्याच्या तेराव्यास आपण पुष्कळजण जमलो होतो. पंगत बसली असता कोणीतरी उद्वेगाने म्हणाले, “हे ट्रकवाले म्हणजे साक्षात काळ! एकालाही माणुसकी नाही.” दहा जणांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्याच वेळी पंगतीत आमटी वाढीत असलेल्या एका मुलाच्या हातातील पळी क्षणभर थबकली. तो आपल्याच ज्ञातीतला, माझा जुना विद्यार्थी. गेली पंधरा वर्षे तो मालमोटार चालवितो. तो काही बोलला नाही. पुढच्या पानाकडे वळला. हात धुताना मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, चूक त्या गाडीवाल्याची होतीच. पण एकदा माझ्या शेजारी बसून पुण्यापर्यंत चला. मग काय म्हणायचे ते म्हणा.”

शिष्याचे ते आव्हान मी स्वीकारले. सेवानिवृत्तीनंतर साताऱ्यातील एका साखरेच्या व्यापाऱ्यांकडे मी हिशेबाचे काम पाहतो. त्यांचाच माल पुण्यास जावयाचा होता, म्हणून मालाबरोबर त्यांचा माणूस या नात्याने मी निघालो.

निघण्यापूर्वी त्याने मला आपल्या आसनावर बसविले आणि मला पोहोचवावयास आलेल्या माझ्या चिरंजीवांस मोटार मालमोटारीच्या डाव्या अंगाला, दाराला लागून उभी करावयास सांगितले. “आता गाडी दाखवा, गुरुजी.” मी डाव्या आरशात पाहिले, समोरच्या काचेतून पाहिले, मान लांब करून पाहिले. मोटार दिसेना! आत माझा मुलगा आणि नातू बसलेले, आणि मला त्या ठिकाणी केवळ मोकळी जमीन भासत होती. नंतर त्याने मोटार अगदी पुढे, नाकासमोर उभी करविली. तिच्या टपाची एक कड तेवढी दिसली. थेट मागे उभी केली तेव्हा तीही नाही. तो म्हणाला, “लोकांना वाटते, आम्ही एवढ्या उंचावर बसतो म्हणजे आम्हांला सारे दिसते. लांबचे दिसते, गुरुजी. जवळचेच दिसत नाही.”

एक साधी खूण त्याने माझ्या मुलास सांगितली, ती आपणही लक्षात ठेवावी. मालमोटारीच्या आरशात तुम्हांस चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

पहाटे आम्ही निघालो. गाडी दहा चाकी. अशा गाडीचे मालासह एकूण वजन २०१८ सालच्या नियमाप्रमाणे २८.५ टनांपर्यंत असू शकते. आमच्या गाडीत ५० किलोची ३६० पोती होती. विद्यार्थ्यांसाठी मी हे गणित फळ्यावर मांडले असते : ३६० गुणिले ५०, म्हणजे १८ टन साखर, गाडीचे स्वतःचे वजन निराळे. आपली घरगुती मोटार टन-दीड टनाची असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर गेले! त्यापुढे एवढे ओझे थांबावयाचे. म्हणून समंजस चालक आपल्यापुढे पन्नास मीटर तरी मोकळी जागा राखतो. ती जागा त्याने आळसाने सोडलेली नसते. तेच त्याचे आणि पुढच्याचे विम्याचे कवच असते.

आणि आपण मोटारवाले काय करतो? ‘जागा आहे’ असे समजून नेमके तेथेच शिरतो.

शिरवळच्या पुढे हाच प्रसंग आला. एक पांढरी मोटार डावीकडून आली, आमच्या पुढ्यात घुसली आणि बाजूच्या हॉटेलाकडे वळण्यासाठी तिने एकदम वेग कमी केला. माझ्या विद्यार्थ्याने हॉर्न दाबला, ब्रेक दाबला. मागे पोत्यांनी करकर आवाज केला. मी डोळे मिटून घेतले. दोन हातांचे अंतर राखून ती मोटार सुटली. तिच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्या हाताने आम्हांस जे दाखविले ते या सभेत सांगण्यासारखे नाही. माझा विद्यार्थी पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो वाचला हे त्याला ठाऊकच नाही, गुरुजी.”

मित्रहो, मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कारण मला एक गोष्ट आठवली होती. त्याआधीच्या दिवाळीत याच रस्त्याने आम्ही मोटारीतून जात असता मीच चिरंजीवांस म्हटले होते, “किती वेळ या ट्रकचा धूर खायचा? घे की डावीकडून!” मागे सून आणि नातू बसलेले. पंगतीत मान डोलावणारा मी, आणि तो हुकूम सोडणाराही मीच!

पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि नवले पुलाकडे जाणारा लांब उतार लागला. तेथे त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घातली व सावकाश चालविली. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. मीही विचारले, “उतार आहे, तर एवढी हळू का?” तो म्हणाला, “खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवते. सारा भार ब्रेकवर टाकला तर ते तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. डिझेल वाचावे म्हणून काहीजण गाडी न्यूट्रलवर सोडतात. खोटे कशाला सांगू, मीही पूर्वी सोडीत असे. एकदा ब्रेकचा जळका वास आला, त्या दिवसापासून कानाला खडा लावला.”

याच उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालमोटारीमुळे अनेक वाहनांची मोडतोड झाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. आरंभी ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. पुढे चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचे पोलिसांनी सांगितले. चार पैशांचे डिझेल वाचविण्याचे मोल किती जबर पडते पाहा.

तेव्हा दोष एका बाजूचा आहे असे मी म्हणत नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. भागाकार करून पाहा : दररोज साडेचारशेहून अधिक. आज या सभागृहात आपण जितके बसलो आहोत, तितके लोक रोज जातात. त्यात मोटारीतले आहेत, मालमोटारीतले आहेत आणि त्या दोहोंच्या मध्ये सापडलेले दुचाकीवाले व पादचारीही आहेत.

माझे वडील बैलगाडी हाकीत. ते सांगत, भरली गाडी समोरून आली की रिकाम्या गाडीने चाकोरी सोडावी. हा नियम कोणी छापला नव्हता. पण ओझे ओढणाऱ्या बैलांची दया सर्वांस होती. आजच्या रस्त्याच्या नियमांतही हेच तत्त्व आहे : अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी. ज्याचे ओझे जड, त्याला थांबणे व पुन्हा निघणे कठीण. म्हणून ज्याला सोपे, त्याने थांबावे. यालाच मी शेजारधर्म म्हणतो. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांचा जसा शेजार, तसाच चाकाला चाक लागून चालणाऱ्यांचाही.

मोटार बाळगणाऱ्या बंधुभगिनींस माझी विनंती आहे. मालमोटारीच्या डाव्या अंगाने पुढे जाऊ नका. तिला ओलांडल्यावर ती पूर्ण आपल्या आरशात दिसेपर्यंत तिच्यापुढे वळू नका. तिच्या मागे जाताना एखादी खूण धरून ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असे म्हणावे. तेवढे होण्याआधी आपण त्या खुणेशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. तिने उजवा दिवा लावला, तर ‘पुढे जा’ असा अर्थ घेऊ नका. कोणी तो वाट देण्यासाठी लावतो, कोणी वळण्यासाठी. आपल्या डोळ्यांना रस्ता दिसेल तेव्हाच जावे. रात्री समोरून वाहन येताच दिवा डिपरवर घ्यावा. आणि उगाच हॉर्न वाजवू नये. मालमोटारींच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ सालीच मनाई केली, ती याच कर्कशपणाला कंटाळून.

मालमोटार चालविणाऱ्या आपल्या मुलांसही तितक्याच मायेने सांगतो. उजवी मार्गिका ओलांडण्यासाठी आहे; तेथे मुक्काम करू नका. डाव्या मार्गिकेत उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी असतात, कडेला गाड्या उभ्या असतात, ही तुमची अडचण मी डोळ्यांनी पाहिली. तरी वाट मोकळी होताच डावीकडे यावे. गाडी बिघडली तर रस्त्यावरून शक्य तितकी बाहेर घ्यावी, दिवे लावावेत, प्रकाश परतविणारा त्रिकोण मागे दूर ठेवावा. चाकामागे ठेवलेला दगड काम होताच उचलावा. मागचे लाल दिवे व परावर्तक पट्ट्या रोज पुसाव्यात. एका फडक्याचे ते काम. ते कोणी केले असते, तर श्रद्धांजलीच्या पानावरचे ते नाव आज या सभागृहात बसले असते.

आणि झोप. वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. प्रत्यक्षात काय चालते ते तुम्ही जाणता. आपल्यापैकी ज्यांच्या गाड्या आहेत, ज्यांचा माल जातो, त्या व्यापारी बंधूंनी ‘सकाळी सहाला माल पोहोचलाच पाहिजे’ असे बजावताना चालक रात्री कोठे झोपणार, हेही विचारावे.

अपघात दिसला तर थांबा. २०१९ सालच्या दुरुस्तीने जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता बाळगू नये.

शेवटी मंडळास एक सूचना. पुढील मेळाव्याच्या दिवशी आवारात एक मालमोटार उभी करावी, आणि ज्या मुलामुलींना नवे लायसन मिळणार आहे त्यांना पाच-पाच मिनिटे चालकाच्या आसनावर बसवावे. बाजूला त्यांच्याच वडिलांची मोटार उभी करून ती शोधावयास सांगावे. माझ्या भाषणापेक्षा त्या पाच मिनिटांचा उपयोग अधिक होईल. गाडी आणण्याचे माझ्या विद्यार्थ्याने कबूल केले आहे.

तो आज मागच्या रांगेत बसला आहे. त्या दिवशी पंगतीत मी मान डोलावली, त्याबद्दल त्याची आपणां सर्वांसमक्ष क्षमा मागतो आणि माझे भाषण पुरे करतो.