खुब्याचं ऑपरेशन झालं, पुढे काय?

हैदराबादच्या जामबाग-सुलतान बाजारातल्या मराठी घरांतही, इतर कुठल्याही घरासारखंच, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा मोरीत पाय घसरतो आणि खुबा मोडतो. ऑपरेशन होतं, रॉड बसतो किंवा गोळा बदलतात, टाके निघतात आणि घरच्यांना हायसं वाटतं. माझ्या मते ते जरा लवकर वाटतं. हाड मोडल्यामुळे आणि ऑपरेशनमुळे रक्त अधिक गोठू लागतं. पडून राहिल्याने पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलेनासे होतात आणि शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर बोलताबोलता माणूस जाऊ शकतो. 1959 साली बर्मिंगहॅमच्या सेव्हिट आणि गॅलाघर यांनी खुबा मोडलेले 300 रुग्ण अभ्यासले. रक्त पातळ करणारं औषध न दिलेल्यांपैकी दहांत एक जण असा दगावला. औषध दिलेल्यांपैकी एकही नाही.

हे औषध द्यावं म्हटलं की पहिला आक्षेप असा, की आपल्या लोकांना गुठळ्या होतच नाहीत. पण पुष्कळ गुठळ्या लक्षणंच दाखवत नाहीत आणि घरी अचानक आलेला मृत्यू सहज हार्ट अटॅकच्या नावावर जमा होतो. जे शोधलंच नाही, ते नाही असं कसं म्हणावं? दुसरा आक्षेप रक्तस्रावाचा, आणि तो खरा आहे. 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत खुबा मोडलेल्या 13,356 रुग्णांपैकी निम्म्यांना 35 दिवस रोज 160 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. हजारामागे रक्त चढवावं लागणारे रक्तस्राव सहाने वाढले. गुठळीचे त्रास मात्र नवाने घटले आणि तिने होणारे मृत्यू चाराने. रक्त चढवता येतं, हे लक्षात घेतलं की पारडं कुठे झुकतं ते दिसतं. मात्र मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा अल्सर असेल, तर औषध आणि डोस डॉक्टरांनीच ठरवावा. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनऐवजी ॲस्पिरिन चालतं, असं 2023 च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं; पण त्यातल्या रुग्णांचं सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास होतं. आजीबाईंना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

म्हणून डिस्चार्जच्या कागदावर औषधाचं नाव, डोस आणि शेवटची तारीख लिहून घ्या. औषधाचा कोर्स बहुधा महिनाभराचा, पस्तीस दिवसांपर्यंतचा असतो. पोटाच्या कातडीखाली द्यायचं इंजेक्शन घरी कोण देणार, तेही तिथेच ठरवा. डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला धरून उभं करा, चालवा. एकच पाय सुजला तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत कळ आली, तर थेट इमर्जन्सी गाठा.