उकिरड्यावरची सैनिक माशी
(पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी अळ्यांवर बोलणार आहे. मागच्या रांगेतली मुले हसू लागली, ते मला दिसले. हसा, पण ऐका.

नंदनवनात राहणाऱ्यांना भांडेवाडी कुठे आहे हे सांगायला नको. उन्हाळ्यात तिथल्या कचऱ्याच्या ढिगांना आगी लागतात आणि वारा आपल्याकडे वळला की लहान मुले खोकू लागतात. वस्तीचे नाव इंद्राच्या बागेचे आणि हवा ही अशी! ही आग कशाची, याचा विचार आपण केला आहे का? भात, पोळी, भाजीचे देठ, फळांच्या साली एकावर एक दडपल्या गेल्या म्हणजे हवा न मिळता कुजतात. त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो आणि तो चटकन पेट घेतो. म्हणजे त्या धुरात आपल्याच दस्तरखानावरचे उरलेले असते.

आता त्या माशीकडे येतो. तिला काळी सैनिक माशी म्हणतात. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. मूळची अमेरिका खंडातली, पण आता जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत पसरलेली. ज्यांनी अंगणात खताचा डबा ठेवला आहे, त्यांनी पावसाळ्यात तिच्या अळ्या पाहिल्या असतील आणि घाबरून त्यावर फिनेलही ओतले असेल! ती दिसते गांधीलमाशीसारखी, पण तिला नांगी नाही. घरमाशी ताटावर बसते, उकिरड्यावर बसते, पुन्हा ताटावर येते. सैनिक माशी मात्र जेवणाच्या वाटेला जात नाही. अळी असतानाची शिदोरी तिला मोठेपणी पुरते. आठवडाभर जगते, कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत सुमारे पाचशे अंडी घालते आणि मरते. ज्या घाणीत या अळ्या दाट असतात, तिथे घरमाशीची पैदास कमी होते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९५९ सालीच नोंदवले आहे.

अंडी साधारण चार दिवसांत फुटतात. मग दोन-तीन आठवडे खाणे हा एकच उद्योग. स्वित्झर्लंडच्या इयावॅग संस्थेने २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत हिशेब दिला आहे : ६० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद खोक्यात पाच दिवसांच्या दहा हजार अळ्या सोडाव्या, म्हणजे बारा दिवसांत त्या पंधरा किलो ओला कचरा संपवतात. मागे उरतो तो काळसर भुगा. तो आणखी मुरवला की झाडांना खत. पोट भरलेली अळी गडद तपकिरी होते, खाणे सोडते आणि कोरडी जागा शोधत आपण होऊन बाहेर निघते. डब्याला एक तिरपी फळी लावली तर ती फळी चढून पलीकडच्या बादलीत पडते. वेचायचेही कष्ट नाहीत!

ही अळी वाळवली तर तिच्यात साधारण चाळीस टक्के प्रथिने असतात. कोंबड्यांच्या खाद्यात महाग भाग असतो तो हाच. त्यासाठी सोयाबीनची ढेप आणि मासळीचा चुरा लागतो. १९७३ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात वाळवलेल्या अळ्या कोंबड्यांना घालून पाहिल्या गेल्या. युरोपात २०१७ पासून माशांच्या आणि २०२१ पासून कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी मिळाली. ज्या भगिनी परसात चार कोंबड्या पाळतात, त्यांनी याकडे जरूर पाहावे.

माझा पहिला प्रयोग फसला, हेही सांगतो. पत्र्याचा डबा गच्चीवर ठेवला, महिना मे. या अळ्यांना सत्तावीस ते तीस अंश मानवते आणि आपल्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता! तिसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या मेल्या आणि शेजारच्या खालाजानने जे सुनावले, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. दुसऱ्या खेपेस डबा कडुनिंबाखाली ठेवला, तळाला भोके पाडली, पाणी साचू दिले नाही. मग जमले. नुसत्या संत्र्याच्या सालींवर मात्र त्या नीट पोसत नाहीत. सोबत भात-पोळी मिसळावी लागते.

कोणी विचारील, उकिरड्यावरची अळी खाणारी कोंबडी चालेल का? घाण खाणाऱ्या जनावराला फिक्हमध्ये जल्लाला म्हणतात, आणि कापण्याआधी काही दिवस त्याला बांधून स्वच्छ चारा द्यावा, असे फकीहांनी सांगितले आहे. ही कोंबडी त्यात मोडते की नाही, हे उलेमांनी सांगावे. मी जीवशास्त्राचा शिक्षक. माझ्या विषयापुरते एवढेच सांगतो की अळी जे खाते, त्यातले काही तिच्या अंगात राहते. कॅडमियमसारखा विषारी धातू कचऱ्यात असला तर तो अळीत साठतो. युरोपात तर खाद्यासाठीच्या अळ्यांना स्वयंपाकघरातले उष्टे घालण्याचीही मनाई केली गेली. म्हणून भांडेवाडीच्या मिसळलेल्या ढिगावरची अळी कोंबडीला घालणे मला मान्य नाही. बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, औषधांच्या पट्ट्या ज्यात एकदा पडल्या, तो भात मग चारा राहत नाही. २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करायला सांगितले. ते आपण किती जणांनी केले, हा प्रश्न मी येथे हात वर करून विचारणार नाही. सगळ्यांचीच पंचाईत होईल, माझ्या घरचीसुद्धा.

अम्मीने दोन डबे ठेवले आणि घरातल्या मुलाने दोन्ही एकाच गाडीत ओतले, असे होऊ देऊ नका. ईद-उल-अजहाचा कोथळा व आतडी घरच्या अळ्यांच्या डब्यात टाकू नका. वास आवरणार नाही. ते पालिकेच्या गाडीकडेच द्यावे.

डबा आमच्या प्रयोगशाळेमागे आहे. मुलांनी मधल्या सुट्टीत पाहायला यावे. येताना घरून भाजीचे देठ आणा; प्लास्टिकची पिशवी मात्र नको.